दुसरी बाजू

जुनी रेकॉर्ड विकत घेताना ती कव्हरातून काढावी, दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडेवर धरावी आणि उजेडात तिरकी करून बघावी. पहिल्या बाजूवर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. कुणी घाईने सुई टेकवली, कुणी ती नेमकी आवडत्या गाण्यावर आणायला गेलं आणि ती घसरली, कुणाच्या अंगठ्याचा तेलकट ठसा तसाच राहून गेला. मग रेकॉर्ड पालटावी. दुसरी बाजू बहुतेक वेळा काळीभोर, लखलखीत असते, दुकानातून नुकतीच आणल्यासारखी. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डींचा ढीग उपसताना हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की आता त्याचं नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटतं. विकणारा पहिली बाजू बघून भाव सांगतो. ‘ताई, जरा खरखरेल, पण चालेल,’ म्हणतो. मी दुसरी बाजू बघून घेते.

मी संगीत शिकलेली नाही. राग ओळखायला मला वेळ लागतो, जॅझमधली स्वरसंगती मला कागदावर मांडता येणार नाही. संध्याकाळी घरी आल्यावर इस्त्री करताना, भाजी निवडताना मी ऐकते. ख्याल ऐकते, रॉक ऐकते, क्युबातली गाणी ऐकते, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही. पथ्य एकच पाळते. अल्बम लावला की सबंध ऐकायचा, ज्या क्रमाने रचला आहे त्या क्रमाने. अशा ऐकण्यातून माझं एक मत तयार झालं आहे आणि ते आता पक्कं आहे. एखादं गाणं एकट्याच्या बळावर थोर असू शकतं. अल्बम थोर ठरतो तो मात्र त्यातल्या ज्या गाण्यांची कधी कुणी फर्माईश केली नाही, त्यांच्या जोरावर. ती बहुधा दुसऱ्या बाजूला असतात.

याचं कारण थोडंफार रेकॉर्डीच्या घडणीतच आहे. 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. आपल्याकडच्या मोठमोठ्या गवयांनी तेवढ्यात अख्खा राग उभा करून दाखवला, ती वेगळी किमया. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण बाहेरचा घेर मोठा आणि लेबलाजवळचा लहान. म्हणजे सुरुवातीला सुईखालून खाच भरभर सरकते आणि शेवटाकडे तेवढ्याच वेळात तिच्या वाट्याला कमी लांबी येते. बारीक, उंच, झळझळीत आवाज तिथे दाटीवाटीने बसवावे लागतात आणि ते फाटतात. म्हणून जोरकस गाणं बाजूच्या तोंडाशी आणि शांत गाणं बाजूच्या शेवटी, अशी रीत पडली. ठेक्याचा खर्ज जितका भरदार, तितकी खाच रुंद. बाजू लांबली की खर्ज पातळ होणार. 1982 च्या ‘थ्रिलर’चं याच कारणाने अडलं होतं. गाणी लांबली होती, बाजू भरगच्च झाल्या होत्या आणि आवाज दुबळा येत होता. क्विन्सी जोन्स आणि मायकेल जॅक्सन यांनी गाणी पुन्हा हाती घेतली, काही छाटली, मिश्रण नव्याने केलं. दुसरी बाजू ‘बीट इट’ने सुरू होते, लगेच ‘बिली जीन’ येतं आणि जगाला तिथेच सगळं मिळून गेल्यासारखं होतं. त्यानंतरचं ‘ह्यूमन नेचर’ मला या दोघांपेक्षा प्रिय आहे. आधीच्या दोन गाण्यांत श्वास घ्यायला जागा नसते. ती इथे मिळते.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ तर माझ्या बाजूने साक्षच देतो. न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत तो 1959 मध्ये दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाला. तो स्टुडिओ पूर्वीचं चर्च होता, छत उंच, आवाजाला भोवती हवा भरपूर. 2 मार्चच्या बैठकीतल्या तीन रचना पहिल्या बाजूवर आल्या, 22 एप्रिलच्या दोन दुसऱ्या बाजूवर. मार्चमध्ये टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्ड वाजवताना पहिली बाजू मूळ सुरापेक्षा थोडी चढी आणि थोडी जलद ऐकू यायची. कित्येक वर्षं सगळं जग ती तशीच ऐकत होतं. दुरुस्त आवृत्ती आली ती 1990 च्या दशकात. तोवर जे वाजवलं गेलं तेच आणि तसंच ऐकवणारी एकच बाजू होती, दुसरी. तिच्यावर ‘ऑल ब्लूज’ आहे आणि शेवटी ‘फ्लेमेंको स्केचेस’. या शेवटच्या रचनेत ठरलेली धून अशी नाही. पाच स्वरसमूह आहेत, आणि वाजवणाऱ्याने प्रत्येकात मन भरेपर्यंत राहायचं, मग पुढच्यात जायचं. सॅक्सोफोनवरचा जॉन कोल्ट्रेन एका समूहातून दुसऱ्यात पाऊल टाकतो तेव्हा बिल इव्हान्सचा पियानो त्याच्या मागून दोनच स्वर सोडतो. मला नाव सांगता येत नाही अशी काहीतरी गोष्ट त्या क्षणी बदलते, आणि माझा इस्त्रीचा हात थांबतो. ‘सो व्हॉट’ सगळ्यांना ठाऊक आहे. तोही मला आवडतो, पण या रेकॉर्डीत माणसं एकमेकांचं किती ऐकतात हे शेवटच्या नऊ-साडेनऊ मिनिटांत कळतं.

आपल्या संगीताला तर दुसरी बाजू फारच मानवली. राग प्रहराशी बांधलेले, आणि रेकॉर्डीचे भाग दोन. उस्ताद अमीर खाँसाहेबांची एक एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्यास्ताचा. त्यात पंचम नाही आणि षड्ज असूनही खाँसाहेब त्यावर विसावत नाहीत. घराच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरावं तसं चाललेलं असतं. वीस-एक मिनिटांनी बाजू पालटायची आणि थेट मध्यरात्रीच्या दरबारीत उतरायचं. तो आंदोलित गंधार मारव्यानंतर कानावर आला की इतका वेळ आपण कशाची वाट बघत होतो ते समजतं. एकटा दरबारी मी पुष्कळदा ऐकला आहे, इतर गवयांचाही. पण तो असा भेटतो तो मारव्याच्या पाठीवरच. माझ्या माहितीतले एक गृहस्थ आहेत, दर्दी. त्यांना हे मान्य नाही. ‘अहो, दोन राग, दोन बैठकी. कंपनीने एका चकतीवर घातले इतकंच,’ असं ते म्हणतात. कंपनीने घातले हे खरंच आहे. पण ज्या कुणी हे दोन राग पाठीला पाठ लावून ठेवले त्याला ऐकण्याची जाण होती, आणि त्या जाणकारीचाही मान राखला पाहिजे असं मला वाटतं.

किशोरीताई आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीचं तेच. ‘सहेला रे’ महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? गाण्याशी काही संबंध नसलेल्या घरांतही भूपाची ती बाजू झिजेपर्यंत वाजली. पाच स्वरांचा स्वच्छ राग, आणि त्यात ताईंचा आवाज सकाळच्या उन्हासारखा. माझ्याकडची प्रत जुन्या बाजारातली आहे. भूपाची बाजू इतकी घासलेली, की काही आलापांमधून सुईचीच कुरकुर वर येते. बागेश्रीची बाजू कोरी. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं ही बाई इथे गात होती आणि त्या घरात कुणी पलीकडे वळून पाहिलंच नाही! बागेश्रीत ताई कुणाला खूश करायला जात नाहीत. मध्यमावर येतात, तिथे थांबतात, पुन्हा येतात. भूपात प्रसाद आहे. बागेश्रीत विरह आहे आणि तो त्या घाईने सांगून टाकत नाहीत. दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी बागेश्री घेईन.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ 1967 चा. एचएमव्हीत तेव्हा गोविंदराव जोशी होते; स्वतः भावगीतं गाणारे, ‘स्वरगंगेच्या तीरी’ लिहिणारे. त्यांनी हा अल्बम घडवला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, दोघेही तिशीच्या आतले. गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी कल्पना. पहिल्या बाजूला अहिर भैरव आणि नट भैरवातली सकाळ, मग पिलू. दुसऱ्या बाजूला भूप, देस, शेवटी पहाडी. म्हणजे दुपार कलते त्या सुमाराला आपण उठतो, रेकॉर्ड पालटतो आणि संध्याकाळ सुरू होते. ते उठणंच त्या दिवसाचा भाग होऊन जातं. पुष्कळ चोखंदळ मंडळी या अल्बमला हलकाफुलका समजतात. मी समजत नाही. संतूर आणि हवाईयन गिटार या दोन्ही वाद्यांना रागसंगीतात जागा मिळवायची होती, आणि ती त्यांनी वाद न घालता, गोड बोलून मिळवली. सकाळचा भाग सुरेख आहेच. पण पहाडीत तिघे शेवटी एकत्र येतात तेव्हा कोण पुढे, कोण मागे हे कळेनासं होतं, आणि मला तो या अल्बमचा खरा मुक्काम वाटतो.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’बद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. दुसऱ्या बाजूची सुरुवात जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’ने होते. 1966 च्या सप्टेंबरात तो मुंबईला येऊन राहिला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकला, आणि परत गेल्यावर लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन त्याने हे गाणं केलं. बाकीच्या तिघांपैकी कुणीही त्यात वाजवलेलं नाही. पाश्चात्त्य श्रोते ते टाळून पुढे जातात, आणि आपल्याकडचे ‘हे काय आमचंच’ म्हणून हसतात. मला मात्र तिथे एक माणूस मनापासून शिकलेलं मांडताना ऐकू येतो. दिलरुबा त्याच्या आवाजाला सावलीसारखी चिकटून चालते आणि त्यात कुठेही नक्कल वाटत नाही. त्यानंतर ही बाजू मध्ये सैल पडते, हेही म्हणायला हवं. ‘लव्हली रिटा’ आणि ‘गुड मॉर्निंग’ हुशारीची गाणी आहेत, त्यापलीकडे मला ती नेत नाहीत. अखेरीस ‘अ डे इन द लाइफ’ येतं आणि त्याचा तो शेवटचा प्रचंड पियानोघात चाळीस सेकंदांहून जास्त विरत राहतो, तेव्हा सगळी भरपाई होते.

‘अॅबी रोड’ त्याहून सरस. पहिली बाजू लेननच्या एका जडशीळ, सात मिनिटांहून लांब गाण्याने संपते. तीच ओळ पुन्हा पुन्हा, वर वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज चढत जातो, आणि मध्येच कापून टाकल्यासारखं सगळं बंद. लेननने अभियंत्याला टेप तिथेच कापायला सांगितली होती. खोलीत एकदम शांतता. मग आपण उठून रेकॉर्ड पालटतो, सुई टेकवतो, आणि हॅरिसनची गिटार ‘हिअर कम्स द सन’ सुरू करते. फोनवर या दोन गाण्यांत दोन सेकंदही जात नाहीत, आणि मग तो काळोख आणि ते ऊन एकमेकांवर आदळतात. रेकॉर्डीवर मध्ये आपली चार पावलं असतात. पुढे अर्धवट राहिलेल्या गाण्यांचे तुकडे एकाला एक जोडत नेलेली ती लांब माळ आहे. त्यातला एकेक तुकडा सुटा ऐकला तर किरकोळ वाटेल. एकत्र ऐकताना चार माणसं एकमेकांपासून दूर जाता जाता एकदा शेवटचं नीट, जीव लावून काम करत आहेत हे जाणवतं. आणि सगळं संपल्यावर तेवीस सेकंदांचं एक गाणं येतं, ‘हर मॅजेस्टी’. मॅकार्टनीने ते टाकून द्यायला सांगितलं होतं. जॉन कर्लँडर या तरुण अभियंत्याला बीटल्सचं काहीही फेकायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून त्याने तो तुकडा टेपच्या शेवटाला जोडून ठेवला, आणि तो तसाच राहिला.

माझ्या मताला अपवाद आहेत, आणि सगळ्यात मोठा पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. 1973 चा हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 1988 पर्यंत एकूण 741 आठवडे राहिला. त्याची दुसरी बाजू पैशांच्या खणखणाटाने सुरू होते आणि हृदयाच्या ठोक्यांवर संपते; तिची रचना निर्दोष आहे. तरी माझा जीव पहिल्या बाजूच्या अखेरीस अडकलेला आहे. क्लेअर टोरी ही गायिका एका रविवारी स्टुडिओत आली, शब्द नसलेलं गायली, तीस पौंड घेऊन घरी गेली. त्या सुरावटीच्या कर्तेपणात तिचा वाटा आहे हे मान्य व्हायला 2005 साल उजाडलं, तेही तिने दावा लावल्यावर. त्या चार-पाच मिनिटांत ती आधी आक्रोश करते, मग थकते, मग समजूत घातल्यासारखी खाली येते. मरणाबद्दल इतकं सरळ बोललेलं मी दुसऱ्या कुठल्या रॉक रेकॉर्डीत ऐकलेलं नाही, आणि तिच्या गाण्यात शब्द एकही नाही.

कीथ जॅरेटच्या ‘कोलोन कॉन्सर्ट’मध्ये बाजूंची विभागणी मला खटकते. 24 जानेवारी 1975 च्या रात्री ऐनवेळी मिळालेल्या लहान, वरच्या पट्टीत कर्कश वाजणाऱ्या पियानोवर तो तासाहून अधिक वाजवत राहिला. मधल्या पट्टीत राहून, डाव्या हाताने तेच तेच आवर्तन धरून. रेकॉर्डीवर तो ओघ चार बाजूंत तोडावा लागला. तिथे सीडीने उपकार केले.

आता ज्या दुसऱ्या बाजूसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे वळते. जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ 9 डिसेंबर 1964 ला न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झाला. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. चार भाग, तेहतीस मिनिटं. 1957 मध्ये देवाच्या कृपेने आपल्याला आध्यात्मिक जाग आली, असं कोल्ट्रेनने कव्हरावर स्वतः लिहिलं आहे, आणि हा अल्बम म्हणजे त्या कृपेची पोचपावती. पहिल्या बाजूला चार स्वरांची ती प्रसिद्ध आकृती. कोल्ट्रेन ती एकामागून एक वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवतो, मग अल्बमचं नावच नामजपासारखं पुटपुटतो. लोक हा भाग लावतात आणि तो संपला की दुसरं काहीतरी लावतात.

दुसऱ्या बाजूवर आधी एल्विन जोन्सचा ड्रम, मग भरधाव वेग, मग गॅरिसनचा एकटा बास, बराच वेळ, एखादा माणूस रिकाम्या खोलीत येरझाऱ्या घालतो तसा. त्यातून चौथा भाग उमलतो, ‘साम’ म्हणजे स्तोत्र. इथे ताल धरलेला नाही. जोन्स नगाऱ्यासारख्या मोठ्या टिंपनीवर घुमारा उठवतो आणि त्यावर सॅक्सोफोन सावकाश बोलतो. बोलतो हे मी अक्षरशः म्हणते आहे. कोल्ट्रेनने देवाला उद्देशून लिहिलेली एक कविता रेकॉर्डीच्या कव्हरात आत छापली आहे, आणि या भागात तो तीच कविता वाद्यातून म्हणतो, एका अक्षराला एक स्वर असं करत. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही हा भाग आवडायचा. कळल्यावर मी कव्हर मांडीवर उघडलं, ओळींवर बोट ठेवलं आणि सुई टेकवली. सॅक्सोफोन एका सुरावर रेंगाळतो तिथे शब्द लांब असतो. ओळ संपते तिथे स्वर खाली उतरून थांबतो. देवाचे आभार मानणारे शब्द कवितेत पुन्हा पुन्हा येतात, आणि ते आले की तेच दोन-तीन स्वर उतरताना ऐकू येतात. दोनदा माझं बोट चुकलं, पण पुढच्या आभारांपाशी ते पुन्हा जुळलं. सात मिनिटांनी कविता आणि वाद्य बरोबर संपले. मला इंग्रजी कवितेचं फार कळतं असं नाही, आणि त्याच्या देवाचं नावही मी विचारलेलं नाही. पण नुसत्या वाद्यावर एखाद्याने प्रार्थना म्हणावी, आणि ती म्हणतो आहे हे कुणाला ऐकवूही नये, कव्हरात कागदावर ठेवून द्यावं, ही नम्रता मला फार मोठी वाटते. पुढच्या वर्षी झालेल्या मुलाचं नाव त्याने पंडित रविशंकरांच्या नावावरून रवी ठेवलं. हा मुलगाही सॅक्सोफोनच वाजवतो.

सीडी आल्यावर बाजू गेल्या. तरीही क्रम लावणारे जाणते लोक उरलेच. ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ हवानाच्या एग्रेम स्टुडिओत 1996 च्या मार्चमध्ये सहा दिवसांत झाला, विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्या वादक-गायकांना गोळा करून. लोक पहिलं ‘चान चान’ ऐकतात. ज्या रचनेवरून अल्बमला नाव मिळालं ती तेराव्या क्रमांकावर आहे, आणि तीत सत्तरी ओलांडलेल्या रूबेन गोन्सालेसचा पियानो आहे. बारा गाणी ओलांडून तिथे गेलेल्या माणसाला तो पियानो ज्या ऐटीत भेटतो, तसा तो सुटा लावणाऱ्याला भेटणार नाही. फोनवर आता प्रत्येक गाण्यासमोर ते किती वेळा वाजलं याचा आकडा दिसतो. वरची गाणी कोटींमध्ये, खालची गाणी त्याच्या कितीतरी मागे. ते आकडे बघताना मला ती घासलेली पहिली बाजू दिसते.

धाकट्या बहिणीची मुलगी येत्या रविवारी येणार आहे. तिला डेव्हिड बोवी आवडतो, आणि 1977 चा ‘लो’ तिने फोनवर सहाव्या-सातव्या गाण्यापर्यंत ऐकला आहे. ‘मावशी, पुढे तर गाणीच नाहीत,’ असं ती मला फोनवर म्हणाली. खरं आहे; पहिल्या बाजूला सात छोटे, चटपटीत तुकडे, आणि दुसऱ्या बाजूला चार लांब रचना, जवळजवळ शब्दांवाचून. फ्रान्समध्ये सुरू झालेला हा अल्बम पश्चिम बर्लिनमध्ये, भिंतीजवळच्या स्टुडिओत पुरा झाला. ब्रायन ईनो सोबत होता. ‘वॉर्सावा’मध्ये बोवी कुठल्याच भाषेत नसलेले शब्द गातो. मी तिला सांगितलं आहे, जेवण झालं की आपण तिथूनच सुरू करू.